कृतज्ञतेचा परिच्छेद

ग्रामोत्थान सेवा मंडळ, चांदा, या संस्थेच्या जानेवारी १९५४ च्या अहवालात सतराव्या पृष्ठावर पुढील विधान आहे : "मंडळाचे कार्यकर्ते श्री. सोमाजी बोरकुटे हे हॉलंडमधील पूरग्रस्तांच्या सेवेसाठी सहा महिने परदेशी राहिले. या काळात घरचे एकही पत्र त्यांच्या हाती पडू शकले नाही. परंतु त्या मौनातच त्यांना आपल्या कुटुंबजीवनाची थोरवी उमगली, व घरच्या माणसांविषयीच्या कृतज्ञतेने त्यांचे अंतःकरण भरून आले." वाक्ये तीन आहेत. त्यांपैकी पहिले खरे आहे. दुसरे खोटे आहे. तिसऱ्याच्या खरेपणाची चौकशी करण्याचे कारण नाही, कारण ते दुसऱ्यावर उभे आहे, आणि पायाच नसलेली भिंत सरळ की वाकडी याचा वाद घालणे हा निव्वळ रिकामटेकडेपणा होय. एवढे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे की हा मजकूर मंडळाच्या चिटणिसांनी लिहिलेला नाही. तो सोमाजींनी स्वतःच लिहून दिला होता; चिटणिसांनी 'मी'च्या जागी 'ते' घातले आणि आदरार्थी बहुवचनाची डागडुजी केली. मनुष्य स्वतःविषयी जे बोलायला लाजतो ते संस्थेच्या तोंडून ऐकताना त्याला लाज वाटत नाही, एवढेच नव्हे तर हळूहळू ते त्याला बातमीसारखे वाटू लागते. छापखान्यातून आलेली कच्ची प्रत सोमाजींनी दोनदा वाचली होती, आणि दुसऱ्या खेपेला सतराव्या पृष्ठाशी त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते.

हे विधान मोडले ते आशाबाईंनी, म्हणजे सोमाजींच्या पत्नीने. चांद्याच्या जटपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, दुपारी बाराच्या सुमारास. संध्याकाळी पाच वाजता सोमाजींचा जाहीर सत्कार व्हायचा होता, मंचावर दोन खुर्च्या मांडायच्या होत्या, आणि दुसऱ्या खुर्चीवर आशाबाईंनी बसायचे होते. सोमाजी बंद गळ्याचा कोट अंगावर चढवीत होते. एक हात बाहीत गेला होता, दुसरा जायचा होता. आशाबाई भिंतीला टेकून अहवाल वाचत होत्या. त्या बोट ठेवून वाचत. बोटाखालचे अक्षर सुटल्याखेरीज पुढच्या अक्षराला जागा मिळत नसे. ही अक्षरओळख त्यांना सोमाजींनीच करून दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी गावात चालवलेल्या साक्षरतावर्गात पाटीवर पहिली रेघ त्यांनीच ओढली होती. त्या हळू वाचत, म्हणून त्यांना काही वगळता येत नसे.

"जनीचा दात पडला," आशाबाई म्हणाल्या, "हे तुमाले तिथी कोनं सांगतलं?"

दुसरा हात बाहीत गेला नाही. सोमाजींना वाटले, प्रश्न ऐकूच आला नाही असे करावे. पण खोली एवढी लहान होती की तिच्यात बहिरे होणे शक्य नव्हते. पृष्ठ नऊ. त्यांनीच लिहिले होते : ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शिबिरातल्या निरनिराळ्या देशांच्या सोबत्यांना त्यांनी सांगितले की भारतात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा खालचा, डावीकडचा, पहिला दात पडला आहे, आणि तिच्या आजीने तो शेणाच्या गोळीत घालून कवेलूंवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, फेकला आहे, आणि सगळे कसे हसले, आणि एका बाईने त्या दाताच्या नावाने कसा केक केला. हृद्य प्रसंग म्हणून त्यांनी तो घातला होता. लिहिताना त्यांना एवढेच आठवत होते की तो प्रसंग चांगला होता. तो ज्या कागदातून आला तो कागद मात्र सतराव्या पृष्ठावर त्यांनी कधी आलाच नव्हता असे लिहून टाकले होते. एकाच हाताने आठ पानांच्या अंतराने केलेल्या या दोन कृती त्यांच्या स्वतःच्या नजरेला एकमेकींशेजारी कधी आल्याच नव्हत्या. 

"सहा वर्षांच्या पोरीचे दात पडतेतच," ते म्हणाले. "अंदाजानं सांगतलं."

"खालचा, डावीकडचा. हे बी अंदाजानं?"

"लिहिताना माणूस घालते थोडंसं."

"अन् शेनाची गोळी?"

"ते तं सगळेच करतेत."

"सगळे नाई करत. जनीनं तो दात मुठीत धरून ठेवला होता, आखाडात, दोन दिवस. सोडेच ना. आत्याबाईनं हिसकून घेतला," आशाबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासू, रुखमाबाई. "त्याच दिवशी पाटलाची चिठ्ठी तयार होत होती तुमाले धाडाले. आत्याबाई म्हने, खाली लिहा, नातीचा दात पडला म्हनून, तेवढंच बरं वाटन पोराले."

त्यांनी अहवाल मिटला नाही. बोट जिथे होते तिथेच होते. आवाज चढलेला नव्हता, आणि सोमाजींना तेच असह्य झाले. चढलेल्या आवाजाला उत्तर देण्याची त्यांना सवय होती, शिबिरात त्यांना त्यासाठी शाबासकीही मिळाली होती.

"तुमी आल्या दिवशी काय बोललात, याद हाय? म्हनले, मले पत्रच भेटलं नाई. भेटलं असतं तं मी होऊ देलं नसतं. त्या एका बोलावर मी चांद्याले आली तुमच्यासंगं. आता सांगा. भेटलं नसन, तं मी नवं लुगडं नेसतो अन् पाच वाजता येऊन बसतो खुर्चीत. हार घाला मले, फोटू काढा. भेटलं असन, तं चारच्या मोटारीनं मी जनीले घेऊन माहेरी लटारूदादाकडे जातो, मोहर्लीले. भांडन नाई, काई नाई. फक्त सांगा."

सोमाजी खुर्चीवर बसले. कोटाची रिकामी बाही मांडीवर लोंबत राहिली. चारला अजून अवकाश होता. खिडकीतून चुलीचा धूर आणि शेजारच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट दर्प येत होता, आणि नाकात तो गेला तसा त्यांना उगाचच हॉलंडमधल्या चिखलाचा वास आठवला. समुद्राचा चिखल. करडा, थंड, खारट, मेलेल्या माशाच्या पोटासारखा गिळगिळीत. घराघरांत तो गुडघाभर साचला होता. पियानोत, पाळण्यात, एका कपाटातल्या लग्नाच्या पोशाखाच्या घड्यांत. बाकीचे सेवक त्यात घसरत, पडत, हसत. सोमाजी कधी पडले नाहीत. चांदा जिल्ह्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जन्मलेल्या माणसाला चिखलात पाय कुठे टाकावा हे शिकवावे लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांना तुकडीचे प्रमुख केले. एका म्हातारीने त्यांचे चिखलाने भरलेले हात आपल्या हातांत घेऊन डोळ्यांना लावले. गावी त्यांचे हात कुणी डोळ्यांना लावले नव्हते. गावी चिखल हा चिखल होता. तिथे तो मानवजात होता. ही वाक्यरचना त्यांना तेव्हाच सुचली होती, आणि ती अहवालात आहे, पृष्ठ पाच.

त्याच आठवड्यांत इकडे त्यांच्या बांधीत चिखलणी राहिली होती. हे त्यांना पुढे कळले. पण किती पुढे, हाच तर प्रश्न होता. घरचा गडी चैतू हिवतापाने आडवा झाला. पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपे, वाफ्यात पिवळी पडू लागली. गावात प्रत्येकाचे बैल आणि प्रत्येकाचा गडी आपापल्या बांधीत. अशा दिवसांत कुणी कुणाला उसने मिळत नाही. आशाबाईंनी तीन दिवस वाट पाहिली, आणि चौथ्या दिवशी सकाळी बैल जुंपून नांगराच्या रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला, हात घातला. अर्धी बांधी झाली. मग कुणीतरी पाहिले. बाईने रोवावे, निंदावे, कापावे, बांधावे, डोक्यावर वाहावे, कांडावे, रांधावे. रुमणे मात्र धरू नये, धरले तर पाऊस निघून जातो, ही त्या गावाची समजूत. मेघांची नैतिक जाण इतकी सूक्ष्म असते की बाईच्या डोक्यावरचा भारा त्यांना चालतो, तिच्या मुठीतले लाकूड चालत नाही. आणि योगायोगाला समजुतींची नेहमीच कदर असते : पाऊस गेला. अकरा दिवस आभाळ ताटासारखे कोरडे.

रीत अशी की जिने रुमणे धरले तिने बैलाच्या बाजूने जू खांद्यावर घ्यावे आणि बांधीला एक वेढा ओढावा. गावातल्या कुणीही ती प्रत्यक्ष पाहिली नव्हती. पाहिलेल्यांना पाहिलेली म्हातारी माणसे होती, आणि रीत टिकायला तेवढे पुरते. पण मुखरू पाटील कायद्याने चालणारा माणूस. बाईचा नवरा सरकारच्या ओळखीने विमानात बसलेला. उद्या परतून विचारले तर? म्हणून त्याने पत्र लिहिले, गोंडपिपरीच्या डाकघरातून पाठवले. सोमाजींना ते अजूनही अक्षर न अक्षर पाठ होते, आणि आत्ता रिकाम्या बाहीकडे पाहत असताना ते त्यांच्या डोळ्यांपुढून सरकू लागले, एखाद्या बैठकीचा वृत्तान्त वाचून दाखवावा तसे : 'आपल्या घरच्या मंडळींनी रुमण्यास हात लावला असून पाणी बंद आहे. रीत आपणांस ठाऊक आहे. आपण मोठे झालात, तेव्हा आपली संमती घेणे पंचांना योग्य वाटते. संमती असल्यास तसे पत्री कळवावे. नसल्यास आपण स्वतः येऊन पंचांपुढे सांगावे, म्हणजे विचार होईल. इकडे सर्व खुशाल. ता. क. आपल्या मातोश्री सांगतात की जनीचा पहिला दात, खालचा डावा, पडला व त्यांनी तो शेणाच्या गोळीत घालून कवेलूंवर फेकला.'

समुद्राच्या बांधावर बसून त्यांनी ते वाचले होते. स्वच्छ ऊन होते. खालच्या शेतात त्या गावची एक बाई ट्रॅक्टर चालवीत होती. लाल रुमाल बांधलेली, रुंद खांद्यांची, एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने पाव खाणारी. तिने वर पाहून हात हलवला. त्यांनीही हलवला, पत्र असलेला. शिबिराच्या प्रमुखाने विचारले, घरचे का? बरी बातमी? आणि ते म्हणाले, हो, मुलीचा दात पडला. ते खोटे नव्हते. एवढ्या मोठ्या पत्रातून एवढेच खरे निवडून काढण्याची जी चपळाई त्यांच्या जिभेने दाखवली, तिचे त्या क्षणी त्यांना स्वतःलाच नवल वाटले होते. मग केक झाला. मग सगळ्यांनी आग्रह केला की भारतातल्या कुटुंबाविषयी बोला. आमच्याकडे तर म्हातारे आईबाप एकटे राहतात, मुले पत्रही लिहीत नाहीत. ते पाऊण तास बोलले. घरातल्या बायकांच्या अबोल त्यागावर घर कसे उभे असते हे सांगताना त्यांचा आवाज कापला. ट्रॅक्टरवाली बाई पुढेच बसली होती, लाल रुमाल सोडून. तिने डोळे पुसले. आणि ते रडणे खरे होते, तिचेही आणि त्यांचेही. खोट्या माणसाला रडू येत नाही असे समजणे ही नीतिशास्त्राची फार जुनी आणि फार सोयीची चूक आहे.

त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीनंतर, डोके शांत असताना, त्यांनी उत्तर लिहिले. पुढे त्यांनी त्याची कारणे तयार केली. ती चांगली होती. एक, समाजसेवकाने लोकांच्या श्रद्धा एका फटक्यात उपटू नयेत. दोन, पत्र पोचेपर्यंत पाऊस येईलच आणि गोष्ट आपोआप मिटेल. तीन, आशाबाई समंजस आहेत. पहिले कारण ते गावातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध बोलताना कधीच मानत नसत. दुसरे कारण खरे ठरले, आणि खरे ठरून निरुपयोगी ठरले; कारण पाऊस पाटलाने आपले पत्र टाकल्यावर चारच दिवसांनी आला, रोवणी झाली, धान हिरवे झाले, लोक विसरले, आणि मग ऑगस्ट सरता सरता मुखरू पाटलाच्या हाती संमतीचे पत्र पडले. आलेली संमती वाया घालवायची नाही, हा शिस्तप्रिय माणसाचा स्वभाव असतो. पाटलाने पोळा होऊ दिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघर बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळले, पळसाच्या पानांनी शेकले. पोळ्याला त्यांना पुरणपोळी घातली. आणि पोळ्यानंतर तीन दिवसांनी, पावसाची कुणालाच गरज नसताना, उरलेल्या पडीत तुकड्यात आशाबाईंच्या खांद्यावर जू ठेवले. एक वेढा. दुसऱ्या बाजूला घरचाच बैल होता, तांबडा. तो मध्येच थांबला, म्हणतात, पुढे जाईना. मग बाईला थोडे अधिक ओढावे लागले. त्या दिवशी सासूने, रुखमाबाईने, कुणाशी एक शब्द न बोलता चुलीवर लोणी पातळ केले, हळद घातली, पळसाची पाने बुडवली आणि सुनेचा खांदा शेकला. हे सोमाजींना आईनेच सांगितले, परतल्यावर, आणि सांगून झाल्यावर ती त्यांच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की त्यांनी ट्रंक उघडून तिला विलायती साबण दाखवला.

तिसरे कारण, आशाबाईंचा समंजसपणा, या घडीला समोर भिंतीला टेकून बसले होते.

"आयका," आशाबाई म्हणाल्या. आता त्यांनी अहवाल बाजूला ठेवला होता. "मले एक वाटते. चिठ्ठी तुमाले भेटली असन. पन तुमी 'नको' लिहिलं असन. अन् पाटलानं ते दडवलं असन. मानूस तसाच हाय तो. तसं झालं असन तं तसं सांगा. तुमी भेऊन मले पत्रच नाई म्हनलं असान, का ही पाटलाशी भांडन उकरन म्हनून. मी समजून घेतो."

सोमाजींनी मान वर केली. त्यांना अपेक्षा होती ती शिव्यांची, रडण्याची, फार तर मौनाची. पण ही बाई त्यांना दार उघडून देत होती. स्वतःच्या हाताने कडी काढून. त्या दारातून बाहेर पडणे किती सोपे होते, हे त्यांच्या सरावलेल्या मनाने क्षणात मोजले : पाटलाने दडवले. दोन शब्द. पाटील सत्काराला येणार होता, पुढच्या रांगेत बसणार होता. त्याला दोन तास आधी गाठून गप्प करणे अवघड नव्हते, त्यालाही संमतीपत्राचे कौतुक आता उरले नव्हते. पुढचे वाक्य त्यांच्या जिभेवर आलेच होते. आणि तेव्हा त्यांनी तिचा चेहरा पाहिला. त्यात आशा नव्हती. तिने हे खरे असेल म्हणून विचारले नव्हते. तिला चारची मोटार नको होती, आणि ती टाळायला जेवढे खोटे लागेल तेवढे ती स्वतःच कातून, विणून, शिवून त्यांच्या अंगावर घालायला तयार होती. जनी अंगणात शेजारच्या झिंगूबाईशी मोठमोठ्याने काहीतरी वाद घालत होती, की मुंगी पाण्यात पडली तर तिला पोहता येते. येते. नाई येत. येते म्हनतो ना.

"पोरीचं बी पाहा," आशाबाई म्हणाल्या. "ती तुमाले विचारते का, बाबा विमानात बसून काऊन गेले? मी सांगतो, तिथी लोकायचं घर बुडलं होतं. ती म्हनते, बाबा लय चांगले. मी काई म्हनत नाई तिले. सांगा लवकर. चूल विझून राह्यली."

"काय सांगू?" सोमाजी म्हणाले.

"जे असन ते."

"तू आधीच ठरवून बसली हायेस."

"नाई. मी ठरवलं असतं तं गठुडं बांधलं असतं. विचारत बसली नसती."

त्यानंतर जे झाले त्याला सदसद्विवेकाची जागृती म्हणण्याचा मोह वाचकाने आवरावा. सहा महिने पाच देशांच्या लोकांपुढे आणि दोन महिने तीन तालुक्यांच्या सभांपुढे हा माणूस बोलत होता, आणि बोललेले प्रत्येक वाक्य कुणाला तरी आवडावे म्हणून बोलला होता. आता समोर एकच श्रोता होता आणि त्याला काहीही आवडणार नव्हते. खोटे बोललो तर ती राहील, पण ते खोटे तिचेच आहे हे दोघांना रोज ठाऊक असेल; ती भाकरी वाढताना, जनीची वेणी घालताना, सभेत शेजारच्या खुर्चीवर बसताना, ते तिने दिलेले दान आपल्याला रोज नव्याने घ्यावे लागेल. कृतज्ञतेने. दुसऱ्याच्या उपकाराखाली राहण्याची कल्पनाच सोमाजींना सहन होईना. त्यांना फक्त उपकार करता येत. म्हणून, केवळ म्हणून, ते बोलले. कोट तसाच अर्धा अंगावर होता. ते तिच्याकडे पाहत नव्हते, चुलीकडे पाहत होते, आणि त्यांचा आवाज सभेतला नव्हता, गावाकडचा होता, लग्नाआधीचा. ते जे बोलले ते असे :

"भेटलं होतं. पाटलानं लिहिलं होतं, नाई म्हनाचं असन तं इथी येऊन म्हना, हो म्हनाचं असन तं चिठ्ठी पुरे. मी चिठ्ठी लिहिली. खाली लिहिलं, माह्यं नाव मधात घेऊ नका. रीत मी मानत नाई, पावसाचं मले काई घेनंदेनं नव्हतं. तुह्या खांद्यावर जू ठेवतीन हे मले चांगलं समजत होतं. पन नाई म्हनलं असतं तं परत या लागलं असतं, अन् मले तिथी लय बरं वाटून राह्यलं होतं."